परतफेड कशातून होणार? व्यापारी बँकेत पतजोखीम सांभाळण्याची कार्यपद्धती

कर्जदाराने उचललेली रक्कम व्याजासह ठरलेल्या वेळी परत येणार नाही, या शक्यतेला पतजोखीम म्हणतात. व्याख्या एवढीच असली तरी तिचे गणित बँकेला फार महागात पडते. एखाद्या बँकेला व्याजातून मिळणारा निव्वळ फरक ३ टक्के असेल आणि १०० च्या एका कर्जात ४५ बुडाले असतील, तर ते नुकसान भरून येण्यासाठी तेवढ्याच रकमेची १५ कर्जे वर्षभर एकही हप्ता न चुकवता चालावी लागतात. कर्मचाऱ्यांचे पगार आणि शाखांचा खर्च तर यात अजून धरलेलाच नाही. म्हणून पतजोखमीचे व्यवस्थापन म्हणजे थकबाकी वसूल करण्याचे काम, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. वसुली हा या साखळीतला शेवटचा दुवा असून बहुतेक नुकसान त्याच्या कितीतरी आधी, अनेकदा मंजुरीच्या टिपणातच, निश्चित झालेले असते.

कर्ज विभागात नव्याने आलेला अधिकारी, शाखाप्रमुख आणि जोखीम विभागातले सहकारी यांना डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. सर्व टप्प्यांना बांधणारा प्रश्न एकच आहे: हे पैसे नेमके कशातून परत येणार?

अर्ज येण्याआधी धोरण

बँकिंग देखरेखीसाठीची बाझेल समिती १९७४ च्या अखेरीस दहा प्रमुख देशांच्या मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांनी स्थापन केली. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीतील हेरस्टाट बँक बंद पडल्याने आंतरराष्ट्रीय व्यवहारांत उडालेला गोंधळ ही त्यामागची पार्श्वभूमी होती. या समितीने सप्टेंबर २००० मध्ये पतजोखीम व्यवस्थापनाची तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि त्यांत पहिली जबाबदारी संचालक मंडळावर टाकली आहे. बँक कोणती आणि किती जोखीम घेणार, हे मंडळाने लेखी ठरवायचे असते.

धोरणाचा मसुदा करताना मोघम वाक्ये टाळावीत. ‘दर्जेदार कर्जदारांना प्राधान्य द्यावे’ या वाक्याचा छाननी करणाऱ्याला काहीच उपयोग होत नाही. कोणत्या उद्योगाला एकूण कर्जाच्या किती टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायचे, एका कर्जदाराची आणि एका समूहाची कमाल मर्यादा किती, कोणत्या मानांकनाखाली नवे कर्ज द्यायचे नाही, विनातारण कर्जाची जास्तीत जास्त मुदत किती, आणि कोणत्या कारणासाठी बँक कर्ज देणारच नाही, हे आकड्यांत आणि नावानिशी लिहावे. धोरणाला अपवाद करावे लागतातच, परंतु प्रत्येक अपवादाची स्वतंत्र नोंदवही असावी आणि ती दर तिमाहीला मंडळापुढे जावी. एकाच प्रकारचे अपवाद वारंवार होत असतील तर धोरण तरी बदलायला हवे किंवा अपवाद करणाऱ्यांना तरी थांबवायला हवे.

मंजुरीचे अधिकार देताना केवळ रक्कम पाहू नये. कमी मानांकनाच्या छोट्या कर्जालाही वरच्या स्तराची मंजुरी लागावी. प्रस्ताव आणणाऱ्या व्यक्तीचे उद्दिष्ट कर्जवाटपाचे असते, त्यामुळे जोखमीवर मत देणारी व्यक्ती वेगळी असली पाहिजे आणि तिचे मूल्यमापन वाटपाच्या आकड्यावर होता कामा नये. ही विभागणी कागदावर असून उपयोग नाही. जोखीम अधिकाऱ्याने नकार दिलेले प्रस्ताव नंतर कुठे गेले, हे तपासले की ती खरी आहे की नावापुरती, ते लगेच कळते.

छाननी: ताळेबंदापलीकडे

प्रस्ताव हातात आला की प्रथम कर्जाचा हेतू समजून घ्यावा आणि तो आपल्या शब्दांत दोन वाक्यांत लिहावा. ही दोन वाक्ये लिहिता येत नसतील तर पुढचे कोष्टक भरू नये. हेतूवरून कर्जाचा प्रकार आणि मुदत ठरते. यंत्रसामग्रीसाठी मुदत कर्ज, मालसाठा आणि येणी यांसाठी खेळत्या भांडवलाची मर्यादा, हा भेद सर्वांना माहीत असतो, तरीही खेळत्या भांडवलाचे पैसे इमारतीत किंवा दुसऱ्या कंपनीत अडकल्याची प्रकरणे थकीत खात्यांत सतत सापडतात. मुदतीच्या गरजेसाठी अल्पमुदतीचा पैसा वापरला गेला की धंदा नफ्यात असूनही रोकड संपते.

त्यानंतर किमान तीन वर्षांची आर्थिक पत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. नफ्याच्या ओळीवर थांबू नये. नफा वाढतो आहे, पण व्यवसायातून हाती येणारी रोकड तीन वर्षे उणे आहे, असे दिसले तर विक्रीचे पैसे येण्यांत अडकले आहेत किंवा माल पडून आहे, किंवा विक्रीच खरी नाही. लेखापरीक्षकाने नोंदवलेले शेरे, संबंधित कंपन्यांशी झालेले व्यवहार आणि आकस्मिक देणी (एखादी घटना घडली तरच द्यावी लागणारी रक्कम) यांची माहिती आर्थिक पत्रकांना जोडलेल्या टिपांमध्ये दडलेली असते. माझा सल्ला असा की ताळेबंदाआधी टिपा वाचाव्यात.

परतफेड क्षमतेचे एक उदाहरण पूर्ण करून पाहू. एका उत्पादकाची वार्षिक विक्री २० कोटी आहे. विक्रीबरोबर कमीजास्त होणारे खर्च विक्रीच्या ६५ टक्के, म्हणजे १३ कोटी, आणि स्थिर खर्च ४ कोटी आहेत. घसारा, व्याज आणि कर यांपूर्वी त्याच्याकडे ३ कोटी उरतात. कराचे ४० लाख वजा केले की २ कोटी ६० लाख राहतात. वर्षाचे हप्ते आणि व्याज मिळून १ कोटी ८० लाख भरायचे आहेत, म्हणून कर्जफेड गुणोत्तर, म्हणजे हाती उरणारी रोकड भागिले भरायची रक्कम, १.४४ येते. हा आकडा बऱ्याच कर्ज मंजुरी समित्यांना समाधानकारक वाटेल.

आता विक्री १५ टक्क्यांनी घटली असे धरू. विक्री १७ कोटींवर येते, कमीजास्त होणारे खर्च ११ कोटी ५ लाखांवर येतात, परंतु स्थिर खर्च ४ कोटीच राहतात. उरते १ कोटी ९५ लाख. कर घटून १५ लाखांवर आला तरी हाती १ कोटी ८० लाख राहतात आणि गुणोत्तर बरोबर १.०० होते. विक्री १५ टक्क्यांनी घसरली, पण शिल्लक ३५ टक्क्यांनी घसरली, आणि कर्जदाराकडे एका पैशाचीही उसंत उरली नाही. दुसरीकडे, विक्री अजिबात घटली नाही पण ग्राहक ६० दिवसांऐवजी ९० दिवसांनी पैसे देऊ लागले, तर २० कोटींच्या उधार विक्रीवर सुमारे १ कोटी ६४ लाख जादा अडकतात. ही रक्कम जवळजवळ वर्षभराच्या हप्त्यांएवढी आहे. म्हणून प्रस्तावाच्या टिपणात एकच गुणोत्तर लिहून समाधान मानू नये. विक्री किती टक्के घटली तर हप्ता भरता येणार नाही आणि येणी किती दिवस लांबली तर रोकड संपेल, हे दोन आकडे त्यात अवश्य असावेत. समितीतल्या चर्चेला त्यांच्यामुळे खरे वळण मिळते.

कर्जदाराच्या चालू खात्याचे उतारे बारा महिन्यांचे घ्यावेत आणि ओळीओळीने पाहावेत. जमा रकमा कोणाकडून येतात, घोषित विक्रीशी त्या जुळतात का, मोठी जमा झाली की दोन दिवसांत तीच रक्कम एखाद्या संबंधित फर्मकडे जाते का, न वटलेले धनादेश किती, कर आणि पगार वेळेवर जातात का, हे सगळे त्या उताऱ्यात उघड दिसते. पत माहिती संस्थेचा अहवाल कंपनीबरोबर मालक, भागीदार आणि जामीनदार यांचाही मागवावा. जामीनदाराने आधीच किती जणांना जामीन दिला आहे, हा प्रश्न विचारायला पुष्कळ जण विसरतात.

प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. भेटीत कार्यालयातल्या सादरीकरणापेक्षा गोदाम, वीजबिल, हजेरीपट आणि माल बाहेर पडण्याची नोंदवही पाहावी. मी केलेल्या एका पाहणीत मालसाठ्याच्या विवरणातली संख्या खोक्यांच्या संख्येशी अगदी तंतोतंत जुळली होती. निघताना सहज म्हणून मागच्या ओळीतले एक खोके उचलले तर ते हाताला हलके लागले. उघडले तर रिकामे होते, आणि आणखी चार ओळी तशाच निघाल्या. त्या खोक्यांवर दोन वर्षांपूर्वीच्या उत्पादनाच्या तारखा होत्या आणि विवरणात मात्र सगळा साठा चालू किमतीने धरला होता. तेव्हापासून मी पाहणीला जाणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला मागची ओळ उघडायला आणि खोक्यावरची तारीख वाचायला सांगतो.

माणसाबद्दलचे मतही छाननीत यायला हवे, पण ते पुराव्यासह. ‘प्रवर्तक प्रतिष्ठित आहेत’ हे वाक्य टिपणातून काढून टाकावे आणि त्याऐवजी मागच्या मंदीत त्यांनी धनकोंशी कसे वर्तन केले, अडचण आल्यावर स्वतःहून सांगितले की बँकेला शोधावे लागले, हे लिहावे. मालकानंतर धंदा कोण सांभाळणार, हेही विचारावे.

कर्जाची रचना आणि तारण

चांगल्या कर्जदाराचे खातेही चुकीच्या रचनेमुळे थकते. ज्याचे उत्पन्न वर्षातून दोनदा येते त्याला मासिक हप्ता लावला तर तो पहिल्या तिमाहीतच मागे पडेल. यंत्राचे उपयुक्त आयुष्य सात वर्षे असेल तर कर्ज नऊ वर्षांचे असू नये. ज्याचे उत्पन्न एका चलनात आणि कर्ज दुसऱ्या चलनात आहे, त्याच्या बाबतीत विनिमय दरातली हालचालच पतजोखीम बनते.

तारणाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. तारण हा परतफेडीचा दुसरा मार्ग आहे. ज्या प्रस्तावात पहिला मार्गच दिसत नाही, तो प्रस्ताव कितीही मोठ्या तारणामुळे चांगला ठरत नाही. समजा मालमत्तेचे मूल्यांकन १०० आहे. तातडीच्या विक्रीत ७० येतात, कायदेशीर आणि विक्रीच्या खर्चात ५ जातात, आणि पैसे हाती यायला दोन वर्षे लागतात. वार्षिक १० टक्के दराने त्या ६५ ची आजची किंमत सुमारे ५४ भरते. १०० वर ७५ चे कर्ज दिले असेल तर २५ टक्के दुरावा (तारणाचे मूल्य आणि कर्ज यांतला फरक) ठेवूनही बँकेला २१ चा फटका बसतो. त्यातही मंदीत कर्जदार आणि तारण दोन्ही एकदमच घसरतात. बांधकाम व्यावसायिकाला जमिनीच्या तारणावर दिलेले कर्ज हे याचे नेहमीचे उदाहरण आहे: ज्या कारणाने त्याची घरे विकली जात नाहीत, त्याच कारणाने ती जमीनही विकली जात नाही.

मूल्यांकन करणारा बँकेने नेमलेला असावा, कर्जदाराने सुचवलेला नसावा. मालकी हक्काचा शोध, बोज्याची नोंदणी, विमा आणि विम्यात बँकेचे नाव, ही कामे पैसे देण्याआधी पूर्ण व्हावीत. मंजुरीपत्रातल्या पूर्वअटी पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र शाखेऐवजी स्वतंत्र पत प्रशासन कक्षाने द्यावे, आणि उचल शक्यतो थेट पुरवठादाराच्या खात्यात जावी. ‘कागदपत्रे नंतर पूर्ण करून घेऊ’ या सवलतीने जितकी कर्जे अडचणीत येतात, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या चुकीने येत असतील.

करारातल्या आर्थिक अटी कमी पण तपासता येण्याजोग्या ठेवाव्यात. गुणोत्तराची व्याख्या करारातच लिहावी, कोणत्या तारखेच्या कोणत्या आकड्यांवरून ते मोजायचे ते स्पष्ट करावे, आणि अट मोडल्यास बँक काय करू शकते हेही लिहावे. अट अशा पातळीवर असावी की हप्ता चुकण्याच्या बऱ्याच आधी ती मोडेल. वरच्या उदाहरणात १.२५ ची अट ठेवली असती तर विक्री सहा-सात टक्क्यांनी घटल्यावरच बँकेला बोलणी सुरू करता आली असती.

मानांकन आणि मोजणी

छाननीतून आलेले मत आकड्यात मांडण्यासाठी अंतर्गत मानांकन वापरतात. चूक (म्हणजे कर्जदाराने परतफेड न करणे) होण्याची शक्यता, चूक झाल्यास होणारे नुकसान आणि त्या वेळी थकलेली रक्कम, या तीन घटकांचा गुणाकार म्हणजे अपेक्षित नुकसान. एका कर्जदाराची मर्यादा १० कोटी असून त्याने ६ कोटी उचलले आहेत. अडचणीत आलेला कर्जदार उरलेली मर्यादाही वापरून घेतो, म्हणून शिल्लक ४ कोटींपैकी निम्मी रक्कम धरून थकणारी रक्कम ८ कोटी मानू. वर्षभरात चूक होण्याची शक्यता २ टक्के आणि चूक झाल्यास नुकसान ४५ टक्के असेल तर अपेक्षित नुकसान ७ लाख २० हजार येते, म्हणजे उचललेल्या रकमेच्या १.२ टक्के. व्याजदर ठरवताना निधीचा खर्च आणि कामकाजाचा खर्च यांवर हे १.२ टक्के आणि भांडवलावरचा परतावा चढवलाच पाहिजे. स्पर्धेमुळे तो चढवता येत नसेल, तर बँक त्या कर्जदाराला स्वतःच्या खिशातून सवलत देत आहे, हे समितीने जाणून घेऊनच मंजुरी द्यावी.

आर्थिक गुणोत्तरांवरून दिवाळखोरीचा अंदाज बांधण्याचे एडवर्ड ऑल्टमन यांचे झेड गुणांकन १९६८ सालचे आहे. त्यानंतर पद्धती पुष्कळ पुढे गेल्या, पण कोणतेही प्रतिमान (मॉडेल) ज्या काळातल्या आकड्यांवर घडवले त्या काळाचे अपत्य असते. तेजीच्या पाच वर्षांवर बेतलेले प्रतिमान मंदीत अपुरे पडणारच. म्हणून दरवर्षी प्रत्येक श्रेणीतली प्रत्यक्ष चूक आणि अंदाजित शक्यता यांची तुलना करावी, आणि ती प्रतिमान बनवणाऱ्याखेरीज दुसऱ्याने करावी. अधिकाऱ्याने स्वतःच्या अधिकारात मानांकन बदलले असेल तर त्याची दिशाही मोजावी. दहापैकी नऊ बदल वरच्या श्रेणीकडे होत असतील तर ते मत राहिलेले नसून मंजुरी मिळवण्याची वाट झालेली आहे.

देखरेख

मंजुरीनंतर फाइल कपाटात जाते आणि वार्षिक आढाव्याला बाहेर येते, ही सवय मोडली पाहिजे. खाते थकण्यापूर्वी ते बोलत असते. रोख पतखात्यातली, म्हणजे मर्यादेपर्यंत हवी तेव्हा उचलता आणि भरता येणाऱ्या कर्जखात्यातली, उचललेली रक्कम पूर्वी महिन्यातून दोनदा खाली येत असे आणि आता महिनाभर मर्यादेला चिकटून राहते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मोठी गोल रक्कम जमा होते आणि दुसऱ्या दिवशी निघून जाते. मालसाठ्याचे विवरण आठवडाभर उशिरा येऊ लागते. तात्पुरत्या जादा उचलीची मागणी दर दोन महिन्यांनी होते. लेखापरीक्षक बदलतो, वित्त अधिकारी नोकरी सोडतो, फोन उचलायला दुसराच माणूस येतो. यांपैकी एखादी गोष्ट निरुपद्रवी असू शकते. तीन एकत्र दिसल्या तर खाते निरीक्षण यादीत घ्यावे.

विवरण मिळाले म्हणून ठेवून देऊ नये, त्याचे गणित करावे. ज्या कर्जदाराच्या विकलेल्या मालाचा मासिक खर्च ८५ लाख आहे आणि साठा १ कोटी ७० लाख आहे, त्याच्याकडे दोन महिन्यांचा माल आहे. विक्री तेवढीच असताना सहा महिन्यांनी साठा ४ कोटी २५ लाख दाखवला गेला, तर तो पाच महिन्यांचा झाला. एवढा माल ठेवायला गोदामात जागा तरी आहे का? उचलमर्यादा (साठा आणि येणी यांच्या आधारे काढता येणारी रक्कम) वाढवून घेण्यासाठी साठा फुगवला आहे, की माल खरोखरच खपत नाही? दोन्ही उत्तरे वाईट आहेत, पण पुढची कृती वेगळी आहे. उचलमर्यादा काढताना पैसे न चुकवलेल्या मालाची देणी वजा करावीत आणि ९० दिवसांहून जुनी येणी धरू नयेत, हा नियम मोडू देऊ नये.

निरीक्षण यादीतल्या खात्याला ठरावीक मुदतीची कृती जोडलेली असावी: कोण कर्जदाराला भेटणार, कोणती माहिती मागणार, मर्यादा गोठवायची का, जादा तारण घ्यायचे का, आणि हे कोणत्या तारखेपर्यंत. खाते यादीत टाकल्याबद्दल अधिकाऱ्याला दोष देणारी बँक स्वतःचे डोळे बांधून घेते. खाते यादीत कधीच न येता थेट थकले, तर मात्र विचारणा जरूर व्हावी.

किरकोळ कर्जांमध्ये एकेका खात्याकडे पाहणे शक्य नसते. तिथे वाटपाच्या महिन्यानुसार गट करून प्रत्येक गटातली सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्याची थकबाकी शेजारी ठेवावी. एकूण कर्जवाटप वेगाने वाढत असताना थकबाकीचे सरसकट प्रमाण फसवे निघते, कारण नवी, अजून थकायला वेळ न मिळालेली कर्जे छेदात भर घालत राहतात.

एकवटलेली जोखीम

एकेक कर्ज योग्य असूनही सगळी मिळून बँक बुडवू शकतात. अमेरिकेतील काँटिनेंटल इलिनॉय बँकेने ओक्लाहोमातील पेन स्क्वेअर या छोट्या बँकेकडून तेल व वायू क्षेत्रातल्या कर्जांचे सुमारे १ अब्ज डॉलरचे हिस्से विकत घेतले होते. पेन स्क्वेअर जुलै १९८२ मध्ये बंद पडली आणि मे १९८४ मध्ये काँटिनेंटलला सरकारी यंत्रणेने सावरावे लागले. एका उद्योगावर एकवटलेला भार आणि दुसऱ्याने केलेल्या छाननीवर टाकलेला विश्वास, या दोन चुका तिथे एकत्र आल्या. दुसऱ्या बँकेकडून कर्जाचा हिस्सा घेताना किंवा बँकांच्या संघात सामील होताना स्वतःची छाननी स्वतः करावी, हा नियम तिथून घ्यावा.

बाझेल समितीची जानेवारी २०१९ पासून लागू झालेली मोठ्या कर्जांची चौकट एका कर्जदाराला किंवा परस्परसंबंधित कर्जदारांच्या गटाला प्रथम श्रेणी भांडवलाच्या (तोटा सोसणाऱ्या बँकेच्या मुख्य स्वनिधीच्या) २५ टक्क्यांची मर्यादा घालते, आणि १० टक्क्यांपासून पुढचे प्रत्येक कर्ज नियामकाला कळवायला लावते. ही कमाल मर्यादा आहे; बँकेने स्वतःची मर्यादा याहून बरीच खाली ठेवावी. गट ओळखताना मालकीबरोबर आर्थिक अवलंबित्वही पाहावे. ज्या पुरवठादाराची निम्मी विक्री एकाच कंपनीला होते, तो त्या कंपनीच्या मालकीचा नसला तरी तिच्याबरोबरच बुडेल.

प्रतिपक्षाची, म्हणजे बाजारातल्या व्यवहारात समोर असलेल्या पक्षाची, जोखीमही विसरू नये. मार्च २०२१ मध्ये आर्किगोस हा गुंतवणूक निधी कोसळला तेव्हा क्रेडिट सुईसला सुमारे साडेपाच अब्ज डॉलरचा तोटा झाला. मोजक्या समभागांवर एकवटलेल्या गुंतवणुकीला अपुरे मार्जिन (बँकेकडे ठेवलेली सुरक्षा रक्कम) होते, आणि अनेक बँकांकडे मिळून त्या निधीचे एकूण किती कर्ज आहे याचे चित्र कोणत्याच एका बँकेपुढे नव्हते. ‘तुमचे इतरत्र किती आहे?’ हा प्रश्न मोठ्या ग्राहकाला विचारण्याचा संकोच करू नये.

तरतूद आणि भांडवल

अपेक्षित नुकसान तरतुदीतून आणि अनपेक्षित नुकसान भांडवलातून सोसायचे, ही मांडणी आहे. १९८८ च्या पहिल्या बाझेल कराराने जोखीमभारित मालमत्तेच्या (जोखमीनुसार कमीजास्त वजन देऊन मोजलेल्या कर्जे व गुंतवणुकींच्या) किमान ८ टक्के भांडवल ठरवले. तिसऱ्या कराराने त्यावर २.५ टक्क्यांचा संरक्षक थर चढवून एकूण अपेक्षा १०.५ टक्क्यांवर नेली. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक ९ नुसार कर्जे तीन टप्प्यांत विभागतात. पहिल्या टप्प्यात बारा महिन्यांचे अपेक्षित नुकसान धरतात. जोखीम लक्षणीय वाढली की दुसऱ्या टप्प्यात कर्जाच्या उरलेल्या पूर्ण मुदतीचे धरतात, आणि प्रत्यक्ष पतहानी झालेली कर्जे तिसऱ्यात जातात. ३० दिवसांची थकबाकी हे जोखीम वाढल्याचे गृहीत लक्षण मानले असले तरी ती शेवटची रेषा समजावी. जी बँक ३० व्या दिवसाची वाट पाहते, तिची देखरेख कॅलेंडर करते आहे.

ताणचाचणी, म्हणजे वाईट परिस्थिती गृहीत धरून नुकसानाचा अंदाज, करताना एकेक घटक सुटा बदलू नये. व्याजदर वाढ, विक्रीतली घट आणि तारणाच्या किमतीतली घसरण एकत्र घडवून पाहावी आणि निष्कर्षाला कृती जोडावी. चाचणीनंतर एकही मर्यादा बदलली नाही, तर ती केवळ अहवालासाठी झाली.

खाते अडचणीत आल्यावर

९० दिवस थकलेले खाते परतफेडीतली चूक मानण्याची प्रथा सर्वत्र रुळली आहे, पण काम त्याआधीच सुरू व्हावे. अडचणीतले खाते मूळ अधिकाऱ्याकडून काढून वेगळ्या पथकाकडे द्यावे, कारण ज्याने कर्ज मंजूर करवून घेतले त्याला त्यातली चूक मान्य करणे जड जाते. पथकाने प्रथम कागदपत्रांतल्या त्रुटी दुरुस्त करून घ्याव्यात, कारण कर्जदार सहकार्य करत असतो तेवढाच काळ ते शक्य असते.

पुनर्रचना करायची की वसुली, हे ठरवताना अडचण तात्पुरती आहे की धंद्याचा पायाच खचला आहे, ते तपासावे. नव्या हप्त्यांचे वेळापत्रक नव्याने केलेल्या रोख प्रवाहाच्या अंदाजावर बसले पाहिजे आणि मालकाने स्वतःचे पैसे घातले पाहिजेत. जुने व्याज भरण्यासाठी नवे कर्ज देऊन खाते नियमित दाखवणे ही पुनर्रचना होत नाही. त्यातून तोटा वाढतो, ठेवीदारांपासून खरी स्थिती लपते, आणि प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्या कर्जदारांवर अन्याय होतो. खरोखर संकटात सापडलेला कर्जदार आणि पैसे असूनही न देणारा कर्जदार यांना एकच वागणूक देऊ नये. पहिल्याशी सन्मानाने बोलावे, दुसऱ्याविरुद्ध कायदेशीर कारवाईला एक दिवसही उशीर करू नये.

खाते निर्लेखित झाले (बुडीत म्हणून हिशेबातून काढले) किंवा तडजोडीत मिटले की मूळ मंजुरीचे टिपण पुन्हा बाहेर काढावे. त्यात धरलेली विक्री, येण्यांचे दिवस आणि तारणाचे मूल्य एका स्तंभात, आणि प्रत्यक्षात घडलेले आकडे दुसऱ्या स्तंभात लिहावेत. कोणत्या महिन्यात पहिले लक्षण दिसले होते आणि ते कोणी, कधी नोंदवले, हे खाली लिहावे. हे एक पान ज्यांनी प्रस्ताव आणला, ज्यांनी छाननी केली आणि ज्यांनी मंजुरी दिली, त्या सर्वांकडे पाठवावे आणि पुढच्या धोरण आढाव्याच्या बैठकीत पहिला विषय म्हणून घ्यावे.